बाबांचं ‘मग?’

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. बॅग फाटली, चप्पल तुटली, पण मी एकसंध आहे. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर माझा आवाज आला की बाबा खोलीभर मला शोधतात आणि मी सापडले नाही की कावरेबावरे होतात, हे तूच सांगितलं होतंस. पत्र तू वाचून दाखवशील तेव्हा निदान बोलणारं माणूस त्यांच्या समोर असेल.

माझी खोली म्हणजे काड्यापेटी. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसते. पाइप, पाइप, आणि वाळत घातलेला एक लाल टॉवेल. मी आल्यापासून तो कुणी आत घेतलेला नाही. त्या टॉवेलवाल्याबद्दल मी एक अख्खी गोष्ट रचली आहे, ती पुन्हा कधीतरी. कुठे होते मी? हं, वर्ग. एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात आहे. काचेवर अजून ‘सोफे’ असं लिहिलंय आणि आत बसायला लाकडी स्टुलं. दोन महिन्यांत कोऱ्या पाटीच्या माणसाला कोडिंग शिकवून नोकरीलायक करतात म्हणे. शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून आपला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. चालला तर नोकरी, नाही चालला तर घर. पार्लर सोडलं, कुरिअर सोडलं, जहाजावरचं स्वयंपाकघर तर जहाज निघायच्या आधीच सोडलं. आता हेही सुटलं ना ताई, तर मला स्वतःलाच तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

इथली एक रीत सांगते. कोड अडला की लगेच कुणाला विचारायचं नाही. एक मुकी वस्तू समोर ठेवायची आणि तिला एकेक ओळ मोठ्याने समजावून सांगायची. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, सांगता सांगता आपली चूक आपल्याच कानाला बोचते. माझ्या शेजारी एक बेकरीवाला बसतो, आता बेकरी सोडून आलेला, तो केकच्या भांड्याशी बोलतो. मी, रागावू नकोस हं, बाबांच्या थैलीतला ओळंबा आणलाय. भिंत सरळ चढतेय का ते बघायला ते दोरीला टांगायचे ना, तोच पितळी. स्क्रीनच्या कोपऱ्याला लटकवलाय.

काल दुपारी त्याला सांगत होते, मध्येच अडले, आणि ‘मग?’ असं ऐकू आलं. बाबांच्याच सुरात. लहानपणी आपण थापा मारायचो तेव्हा ते ओरडायचे नाहीत, नुसतं ‘मग?’ म्हणायचे, आणि तिसऱ्या ‘मग?’ला खरं आपोआप बाहेर पडायचं. मी बेकरीवाल्याला विचारलं, काही बोललास का. तो म्हणाला, तोंडात सँडविच आहे, दिसत नाही का. चूक मात्र सापडली.

बाबांना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर मी लाडावेन.

तुझी,
भिंगरी

१२ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ओळंबाचोर, थैली उचलली तेव्हाच हलकी लागली. म्हटलं, गेली पोरगी बापाचं हत्यार घेऊन. बाबांना कळलंय की नाही ते कळायला मार्ग नाही. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द नाही हे तुला ठाऊक आहेच.

नव्हता, असं लिहायला हवं. तुझं पत्र आज आलं, पण गोष्ट तीन तारखेची आहे, तू म्हणतेस त्याच दुपारची. मी खिडकीशी कवळी घासत बसले होते. दातांच्या दवाखान्याला ती त्या दिवशीच करून द्यायची होती, कुणाचं तरी हसू माझ्या ताटलीत पालथं पडलेलं. बाबा आपल्या आरामखुर्चीत. तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते म्हणाले, ‘मग?’ अगदी स्वच्छ. माझ्या हातून कवळी पडली आणि एक दात उडाला. तो अजून सापडलेला नाही.

डॉक्टरना विचारलं. ते म्हणाले, असे सुटे शब्द परत येतात कधीकधी, हुरळून जाऊ नका. मी हुरळले नाही. पण तेव्हापासून तुझ्या खुर्चीवर कपडे टाकत नाही.

जेवत जा. लोभ आहे, तो पत्रात मावत नाही.

ताई

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी जिन्यातच बसले. बेकरीवाला ओलांडून गेला, म्हणाला, कुणी गेलं का? मी म्हटलं, उलट.

मग रविवारी मी एक केलं. रविवारी वर्ग ओस असतो. पंखा बंद केला, दार लावलं आणि ओळंब्याला माझा सगळा प्रोग्रॅम पहिल्यापासून सांगितला. ओळंबा जागचा हलला नाही. हलला असता तर बरं वाटलं असतं, वारा म्हणून सोडून देता आलं असतं. पण ‘मग?’ आलं. कुठून ते विचारू नकोस. आपल्या मागे कुणी उभं आहे हे न बघता कळतं ना, तसं. मी कुठल्या वेळी बसले आणि ते किती वेळा आलं, हे मी लिहीत नाही. तूच सांग.

लोभ राहू दे, दिवा लावून ठेवल्यासारखा.

भिंगरी

२७ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

जेवणं झाल्यावर, ताटं विसळत होते तेव्हा. तीनदा. तिसऱ्या वेळी ते पुढे वाकले होते, विटांच्या थरावर दोरी धरून वाकायचे तसे.

बरोबर आहे ना? बरोबर असलं तर मला कळवू नकोस. माझ्या अंगावर आत्ताच काटा आलाय.

आणखी एक. आताशा ते सकाळी दाढी करून घेतात. आधी हनुवटी फिरवायचे, आता स्वतःहून पुढे करतात आणि खुर्ची तुझ्या खुर्चीकडे वळवायला लावतात. वाट बघतात. पण या आठवड्यात काही आलं नाही. बसून बसून मान दुखते त्यांची. अभ्यास करत नाहीस की काय?

ताई

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अभ्यास करत नाही असं नाही ग. उलट झालंय. मला यायला लागलंय! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धड यायला लागलंय. चूक दिसते, हात आपोआप तिथे जातो, ओळंब्याला सांगायची वेळच येत नाही. बाईंनी माझा कोड सगळ्यांना दाखवला. लाल टॉवेलवाल्याने टॉवेल काढला त्या दिवशी, तर मला वाटलं माझ्यासाठीच काढला.

आणि मग तुझं पत्र आलं. मान दुखते त्यांची, हे वाचलं.

तेव्हापासून मी चालता कोड मोडते. नीट चाललेली ओळ मुद्दाम वाकडी करते, मग ओळंब्यासमोर बसून शोधण्याचं सोंग करते. पण सोंगाला ‘मग?’ येत नाही. थाप ओळखायची सवय आहे ना त्यांना. म्हणून मी अवघड ठिकाणी मोडते, इतकी की मलाच सापडू नये. तेव्हा येतं. काल बाईंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, तू मागे मागे चालली आहेस, असंच राहिलं तर शेवटच्या दिवशी उभी राहू देणार नाही. मी मान डोलावली. काय सांगणार, मी शिकले तर माझा बाप मुका होतो म्हणून?

मला हे सोडायचं नाहीये ताई. पहिल्यांदाच सोडायचं नाहीये. पण ते तिथे मान वळवून बसलेत.

लोभ कर किंवा रागव, पण लवकर लिही.

भिंगरी

१० जुलै

भिंगरी,

आशीर्वाद मागाहून. आधी ऐक.

बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली. शेवटचा थर बसला की थापी धुवायची, ‘झालं’ म्हणायचं आणि मागे वळून न बघता निघायचं. उद्या परत यायला मिळावं म्हणून त्यांनी कधी भिंत वाकडी ठेवली होती का? आणि तू त्यांचाच ओळंबा समोर टांगून वाकडं बांधतेस! लाज कशी वाटत नाही ग?

तो शब्द मलाही हवा आहे. तुला तिथे लांबून ऐकू येतो, मी तर त्यांचे ओठ हलताना बघते. दिवसभर या घरात मी आणि लोकांचे दात. तो थांबला तर काय उरतं ते मला ठाऊक आहे. ते मी बघेन. तू सरळ बांध.

आता आशीर्वाद. पोटभर.

ताई

२१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

काल झालं. सगळे स्टुलांवर, मी भिंतीशी उभी. प्रोग्रॅम कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानासाठीचा आहे, गिऱ्हाईक आलं की कुठलं मशीन रिकामं ते सांगणारा. दुकानाची मालकीणच बघायला आली होती. ओळंबा खिशात होता. मी पहिल्या ओळीपासून सगळं सांगितलं, कुठेही न अडता. मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबले तेव्हा कान टवकारले. काहीच नाही. नुसता दिव्यांचा गुंगुं आवाज. प्रोग्रॅम चालला. टाळ्या झाल्या, बेकरीवाल्याने भांडं वाजवलं. मालकिणीने सोमवारपासून ये म्हणून सांगितलं.

मी पास झाले ताई. आणि तेव्हापासून इतकं शांत आहे की मला रस्त्यातही मागे वळून बघावंसं वाटतं.

बाबा कसे आहेत? खरं लिही.

भिंगरी

२७ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. पेढे समज, बर्फी समज, काय हवं ते समज.

खरं लिहिते. त्या दिवशी ते सकाळपासून ताठ बसले होते. दुपारी मान हळूहळू डोलवायला लागले, समोर कुणी बोलतंय आणि ते पटतंय अशी. एकदाही ‘मग?’ म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने उजवा हात, तो निकामी झालेला, मांडीवर उलटासुलटा पुसला, थापी पुसतात तसा. आणि म्हणाले, ‘झालं.’

त्यानंतर बोललेले नाहीत. खुर्ची परत खिडकीकडे करून घेतली. जेवतात, झोपतात, त्रास काही नाही. तुझ्या खुर्चीवर मी अजूनही कपडे टाकत नाही, पण ती आता नुसती खुर्ची दिसते.

तू रडू नकोस. मी सांगितलं होतं, ते मी बघेन.

लोभ तसाच आहे, जरा गप्प आहे एवढंच.

ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी बरी आहे. साबणाच्या वासाने शिंका येतात. बाकीचं नंतर. खालचं बाबांच्या शेजारी बसून मोठ्याने वाच. सावकाश. त्यात एक वीट राहिली आहे, कुठली ते मुद्दाम सांगत नाही. या वेळी सोंग नाही, ती त्यांनीच शोधावी म्हणून खरंच विचारतेय असं समज.

बाबा, गिऱ्हाईक पिशवी घेऊन येतं. मी पहिल्या मशीनकडे बघते. रिकामं असेल तर तेच देते. चालू असेल तर पुढच्याकडे बघते. तेही चालू असेल तर त्याच्या पुढच्याकडे. शेवटचं मशीन आलं की परत पहिल्यापासून.

इथे थांब, ताई.

भिंगरी

१७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

वाचलं. शेजारी बसून, सावकाश, तू सांगितलंस तसं. आणि थांबले. ते खिडकीबाहेर बघत होते. चहा निवला. माझे डोळे पाण्याने भरले आणि तुझ्या ओळी दिसेनाशा झाल्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा थांबले.

तेव्हा ‘मग?’ ऐकू आलं. बाबांचे ओठ मिटलेले होते, मी बघत होते ना. आवाज माझ्या घशातून आला एवढं नक्की. माझाच होता असं मात्र छातीठोकपणे सांगत नाही. बाबांनी खिडकीकडून मान वळवली आणि माझ्याकडे बघत राहिले, काम सोपवल्यावर बघायचे तसे. अजून बघताहेत.

मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण सगळीच मशीनं चालू असतील तर तुझं ते गिऱ्हाईक बिचारं पिशवी घेऊन गोल गोल फिरतच राहील ना ग?

मग?

ताई