नाक्यावरची हजेरी

पुणे, ४ जानेवारी १९९९

ती. आप्पांस दीप्तीचा स. जय भीम. वि. वि.

कोल्हापूरच्या रस्त्यांचा आराखडा आमच्या ऑफिसकडे आलाय. बावड्याहून शिरोली एमआयडीसीकडं सायकलींसाठी वेगळा पट्टा करावा, असं मी सुचवलं. साहेब हसले. आता सायकल चालवतंय कोण, म्हणाले. तासाला तीनशे सायकली दिसल्या तरच पट्टा होईल आणि देखरेखीला मला वर्षभर तिकडं पाठवतील.

तुम्ही कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होता. तुमच्याइतकी चोख मोजणी कोण करणार? तीन दिवस सकाळी सात ते आठ नाक्यावर बसा, जाणाऱ्या दर सायकलीला एक रेघ. स्वेटर घाला आणि ट्रकवाल्यांशी भांडू नका.

माया आहेच, ती वाढू दे.
तुमची दीप्ती

कसबा बावडा, १५ जानेवारी

चि. दीप्तीस अ. उ. आ.

मोजणी पाठवतो. नुसत्या रेघा मला जमल्या नाहीत. अनोळखी माणसाला रेघ, ओळखीच्याचं नाव. हजेरीची खोड जाते होय? लोक थांबून चौकशी करत. तुझी आई गेल्यापासून एवढी माणसं माझ्याशी बोलली नव्हती. घरात दिवसभर रेडिओच काय तो बोलतो.

शेवटच्या दिवशी ३०४ भरले! माडीवरची खोली झाडून ठेवली आहे.

आठवण ठेव.
तुझे आप्पा

पुणे, २३ जानेवारी

ती. आप्पांस स. जय भीम.

आकडा बघून आधी नाचले, मग नावं वाचली. पिराजीमामा एका तासात अकरा वेळा शिरोलीला गेलेत. गुडघ्यामुळं आपली पायरी न चढणारे आकारामकाका नऊ वेळा! आधीचे दोन दिवस १८७ आणि १९१ आहेत. तेवढेच कागद मी साहेबांना दिले. पट्टा बारगळला. ती दोनशे माणसं उसाच्या ट्रकांना घासूनच जाणार, याचं फार वाईट वाटतं. एक तारखेपासून मी नाशिकच्या कामावर.

तुम्ही असं का केलंत, आप्पा?

तुमचीच, दीप्ती

कसबा बावडा, २७ जानेवारी

चि. दीप्तीस अ. उ. आ.

कल्पना पिराजीची. पोरगी घरला येणार असेल तर आम्ही नाक्याला फेऱ्या मारतो की, म्हणाला. मी हो म्हटलं. नावं कशाला लिहिली म्हणून आता तो मलाच वेड्यात काढतो. पण समोरून गेलेल्या माणसाचं नाव गाळायला माझा हात धजला नाही. तू तो कागद दिला नाहीस, बरं केलंस.

सायकलवाल्यांच्या भल्यासाठी केलं, असं लिहिणार होतो. तेही खोटंच झालं असतं. घर खायला उठतं, दीप्ती. तुला ये म्हणायची लाज वाटली, म्हणून रस्त्याआड लपलो.

नाशिकला जाण्याआधी दोन दिवस ये. काम काही नाही. तशीच ये.

तुझे आप्पा