शोभना सायकल स्टोअर्स

२७ मे २०२५, मंगळवार
पंक्चर काढलं! नऊ वर्षांनी. हात काही विसरले नाहीत.

हिमानीने इथे अमेरिकेत तिच्या कम्युनिटी सेंटरमध्ये सांगितलं, बाबांचं यवतमाळला सायकलचं दुकान होतं. झालं — गराजमध्ये चार जुन्या सायकली येऊन पडल्या. ज्या बायकांकडे गाडी नाही त्यांना द्यायच्या. "तुमचा वेळ जाईल, बाबा," लेक म्हणाली. वेळ जातो कसला, चाळीस वर्षं मागे गेला. टपात ट्यूब बुडवली, बुडबुडे आले, सोल्यूशनचा तो वास... शोभना शेजारी खुर्ची टाकून बसली होती. दुकानात बसायची तशीच.

२९ मे, गुरुवार
दोन सायकली तयार. तिसरीचं चाक वाकडं.

१ जून, रविवार
हलीमा आली. सोमालियाची, चाळिशीची, पायघोळ झगा. वृद्धाश्रमात काम करते. रविवारची बस बंद झाली, घरातली एकुलती गाडी नवरा नेतो. म्हणून दर रविवारी दीड तास चालत! उशीर झाला की बोलणी. आणखी दोनदा झाला तर नोकरी जाणार.

हिंदी सिनेमे बघून शिकलेलं हिंदी बोलते. "अंकल, मुझे चलाना नहीं आता."

घरी सायकल नव्हती का, विचारलं. होती म्हणाली. वडिलांची. भाऊ चालवायचे. ही तिच्यावर पाण्याचे डबे लादून विहिरीवरून ढकलत आणायची. बसायची मात्र परवानगी नव्हती. "लोग हँसते थे."

मी मान खाली घालून चेन पुसत राहिलो.

२ जून, सोमवार
लिहूनच टाकतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शोभना म्हणाली होती, "मलाही शिकवा ना." मी म्हणालो, "दुकानदाराची बायको सायकल हाणत फिरणार? लोक हसतील." तिने पुन्हा विचारलं नाही.

पाटीवर मात्र तिचं नाव. पेंटरने भोवती वेलबुट्टीसुद्धा काढली होती. मास्तरीणबाई, नर्सबाई, कॉलेजच्या पोरी — सगळ्या तिच्या नावाच्या दुकानातून सायकली न्यायच्या. संध्याकाळी दत्त चौकात घंट्याच घंट्या! किती छान दिवस होते ते, असं म्हणत आलो आजवर. तिच्यासाठी कसे होते, कोण जाणे.

७ जून, शनिवार
हलीमाचा झगा चाकात अडकतो. आपल्याकडे लेडीज सायकलला मागे जाळी असायची, साडीसाठी. इथे दुकानात विचारलं तर पोरगी बघतच राहिली. शेवटी खिडकीची जुनी जाळी कापून बसवली. हिमानी म्हणते, "बाबा, ऑनलाइन ऑर्डर केलं असतं ना!" असू दे.

मग पार्किंग लॉटमध्ये शिकवणी. मी परका पुरुष, मी कसा धरणार? शोभनाच धावली कॅरिअर धरून. वय बासष्ट! "नीचे मत देख! सामने!" हलीमा दोनदा पडली. झगा झटकून हसत उठली.

१२ जून, गुरुवार
हलीमाचा नवरा म्हणाला, लोक काय म्हणतील. ती त्याला म्हणाली — लोक मला कामावर सोडायला येतात का? फोनवर सांगताना स्वतःच खो-खो हसली.

१५ जून, रविवार
गेली! सायकलवर, एकटी, पाच मैल! ड्यूटीच्या वीस मिनिटं आधी पोचली. फोटो पाठवला — वृद्धाश्रमाच्या कुंपणाला कुलूप लावलेली सायकल, शेजारी घामाघूम हलीमा. शोभना तो फोटो पुन्हापुन्हा बघत होती.

धीर करून म्हणालो, "तुला शिकवू?"

एकेचाळीस वर्षांनी. ती भाजी निवडत राहिली.

१६ जून, सोमवार
सकाळी शोभनाने गराजमधली निळी सायकल बाहेर काढली. मी कॅरिअर धरायला धावलो, तोवर ती निघूनही गेली! एकदासुद्धा डगमगली नाही. कोपऱ्यावरून वळली, दिसेनाशी झाली.

वीस मिनिटांनी आली. उतरली, स्टँड लावला.

"तुम्ही नागपूरला माल आणायला जायचात ना," म्हणाली, "तेव्हाच शिकले. शहाऐंशी साली."