मुळ्या खऱ्या, पानं खोटी

लोणार, ७ डिसेंबर १९६३

प्रिय शरच्चंद्रराव यांस,

चिंतामणचा नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. नागपूरच्या थंडीत तुमचा दमा कसा आहे, ते कळवावं. (हे तुमची बहीण अन्नपूर्णा विचारते आहे, मी नुसता तिचा कारकून.) सुलभाच्या कॉलेजबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. ‘मुलीला मॅट्रिक पुष्कळ’ हे तुम्ही मामा या नात्यानं दिवाळीत अनारसे खाता खाता ठरवून टाकलंत. त्यावर पोरगी मागच्या दारी जाऊन रडली, तेही लिहीत नाही.

तर तुम्ही पाठवलेले ते सहा फोटो. परदेशातली पाचशे वर्षांपूर्वीची पोथी, लिपी कुणाला लागत नाही, आतली झाडं कुणी पाहिलेली नाहीत, तेव्हा तळ्याकाठी तसलं काही उगवतं का बघा, असं वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरांनी ड्रॉइंग मास्तराला लिहावं म्हणजे गंमतच. मी त्यांवरून मोठी रंगीत चित्रं काढली आणि वाळायला ओट्यावर मांडली. तिथंच चुकलं. सूर्यफुलाचं फूल, तोंडलीची पानं आणि मूळ कोंबडीच्या पायासारखं, असलं झाड पाहून उत्तमरावांनी (शंभर एकरांचे धनी, शंका घ्यायची सोय नाही) जाहीर केलं की हे पंचायत समितीचं नवीन बियाणं. दुसऱ्या दिवशी दारात पिशव्या घेऊन चौदा माणसं! बियाणं नाही म्हटल्यावर, मास्तरानं सगळं सासुरवाडीला पाठवलं अशी बोलवा उठली. सासुरवाडी म्हणजे तुम्हीच.

त्या गर्दीत तानुबाई आली. कावीळ उतरवणारी म्हणून पाच गावांत तिचं नाव आहे. चित्रं पाहून ती तोंडाला पदर लावून हसली. “मास्तर, मुळ्या खऱ्या हायेत, वरचं सारं खोटं. नाव सांगतलं का औषधाचा गुण जाते. मीबी मुळी आणतो तं तिले दुसऱ्याच झाडाचा पाला बांधून आणतो, लोकायले कळू नये म्हणून. हा पोथीवाला आपल्यातलाच हाये.”

मी गारच झालो. खरंखोटं ती पोथी जाणे, पण तुमच्या विद्वानांना हे सुचलं होतं का? तानुबाईचा चेहरा मात्र लगेच उतरला. सत्तरी उलटली, सून शिकायला तयार नाही, आणि मरताना कुणाला सांगावं तर गुण जाणार. तेव्हा सुलभा म्हणाली, “आजी, सांगू नका. नुसतं दाखवा, मी चित्र काढते.” तानुबाईनं सुपारीचं खांड गालात सरकवलं. मग म्हणाली, “दाखवाले कोन मना केलं व बाई?”

तेव्हापासून रोज शाळेआधी दोघी तळ्याच्या उतारावर असतात. अकरा झाडं झाली. पोरगी पुन्हा गुणगुणायला लागली आहे, आणि मला फार बरं वाटतं.

आपला,
चिंतामण

ता. क. अकराही चित्रं सोबत पाठवली आहेत. छापायची घाई करू नये.

आणखी एक ता. क. तानुबाईच्या अटीप्रमाणे एकाही मुळीवर तिची स्वतःची पानं काढलेली नाहीत. कुठली कुणाची, हे फक्त सुलभाला ठाऊक. ती जूनमध्ये नागपूरला येईल. माडीवरची खोली झाडून ठेवावी आणि कॉलेजचा फॉर्म तुम्हीच आणावा, तिकडचं तिला काही ठाऊक नाही.