गोकुळचा नंबर

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
५ मे २०२५

प्रिय निशा,

सलाम. तुम्ही सगळे मजेत असाल. मेघाचा दहावीचा निकाल याच महिन्यात ना? लागला की आधी मला कळव. इथं ऊन मी म्हणतंय, नळाचं रडगाणं नेहमीचंच. अम्मी परवा म्हणाली, "वो नागपूरवाली अब आती नहीं." मी म्हटलं, येईल.

आजकाल कागदावर कोण लिहितं, असं म्हणशील. फोन केला असता तर आपण भांडलो असतो आणि निम्मं सांगायचं राहिलं असतं. मेसेज केला तर त्याचे स्क्रीनशॉट फिरतात. म्हणून पत्र.

आपला पक्ष्यांचा ग्रुप मी बंद ठेवलाय. सध्या ना पोस्ट, ना कमेंट. लोक विचारतात तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी म्हणून सांगते. तुला कारण माहीत आहे, पण निम्मंच.

गोकुळच्या त्या फोटोवरून सुरू झालं. पाचोडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, नवीनच आलेला, प्रत्येक पोस्टखाली "हे कोणतं पाखरू?" विचारणारा गोकुळ. नाथसागराचं पाणी उतरल्यावर जे बेट उघडं पडतं, तिथं जाऊन त्यानं नदी सुरय पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढला. वाळूत अंडी, आणि फोटो चांगला यावा म्हणून आजूबाजूचे गोटे हातानं बाजूला केलेले. घरट्याचा फोटो टाकायचा नाही, हा आपला पहिला नियम. तो त्यानं मोडला. अंड्यांवरून मादी भरदुपारी उठवली, हे त्याहून वाईट. यावर आपलं दुमत नाही.

तू खाली लिहिलंस, "असल्या माणसाला त्याच वाळूवर दुपारभर बांधून ठेवायला पाहिजे. हा फोटो नाही, खून आहे."

मी ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मुलांचं प्रॅक्टिकल चालू असताना वाचलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तिथल्या तिथं काढलं असतं. तू लिहिलं होतंस, म्हणून राहू दिलं. तिथून पुढं लोकांना जोर चढला. त्याच्या मराठीवर बोलले, गावावर बोलले, जातीपर्यंत गेले. मी घरी येऊन काढायला बसले, तर एक काढेपर्यंत चार नवीन.

पण कमेंटपर्यंतच राहिलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पाचोडचा बाजार होता. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं आणि गोकुळचा फोन वाजायचा थांबेना. तो हातातल्या कामात होता म्हणून मालकानं फोन उचलला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "खुनी आहे का तिथं?" मग दुसरा, मग तिसरा. मालक चार लोकांदेखत त्याला म्हणाला, आधी हे मिटव, मग कामावर ये. गोकुळ फोन तिथंच ठेवून बाहेर पडला. रात्री घरी गेलाच नाही.

मला हे कळलं तिसऱ्या दिवशी सकाळी, त्याच्या बायकोकडून. विशाखा नाव तिचं. ग्रुपच्या पानावरून माझा नंबर शोधला तिनं.

"ताई, त्या पाखरांच्या गुरूपच्या बाई तुम्हीच का?"

"हो."

"मग खरं खरं सांगा. ह्यांनी कुणाचा खून केला?"

निशा, तिला खरंच वाटत होतं की माणूस मेलाय. मी म्हटलं, माणूस नाही, पक्ष्याची अंडी.  ती म्हणाली, "आन् तेवढ्यासाठी हे कुठं निघून गेले?"

अल्तमशला घेऊन मी तशीच निघाले. भाऊ म्हणून एरवी तो माझ्या पक्ष्यांना हसतो, त्या दिवशी त्यानंच लगेच गाडी काढली. पाचोडहून गोकुळचे वडील सर्जेराव आमच्याबरोबर आले. तो त्या बेटाकडंच गेला असेल असं वाटून नाथसागराच्या काठाला गेलो, तर त्याची गाडी उभी होती आणि किल्ली गाडीलाच. सर्जेरावांनी ती किल्ली पाहिली आणि होते तिथंच खाली बसले. पाण्याकडं बघेनात. अल्तमश आणि मी हाका मारत काठानं धावत होतो. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही.

तो सापडला. लांब, एका बाभळीखाली बसला होता, दुर्बीण घेऊन. ओठ उन्हानं फुटलेले.

मी विचारलं, "इथं काय करतोस रे?"

"ती परत अंड्यावर बसती का बघतोय."

"बसली?"

"नाय. कालपासून नाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "निशा मॅडम बरोबरच बोलल्या, ताई."

आता मला जे लिहायचं नव्हतं ते. ग्रुपमध्ये येताना प्रत्येकाचा फोन नंबर आपण घेतो, सहलीला हरवलं-चुकलं तर असावा म्हणून. तो इतर कुणालाही दिसत नाही. ग्रुप सांभाळणाऱ्या फक्त दोघींना दिसतो. तुला आणि मला.

मी दिला नाही.

उत्तराची वाट बघते. पत्रानंच दे.

आमरीन

*

नागपूर
१२ मे २०२५

आमरीन,

पत्र मिळालं. गोकुळ सापडतो का ते मी मधल्या ओळी गाळून पुढं जाऊन बघितलं, एवढं आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला ते खरं वाटणार नाही.

हो, नंबर मी दिला. ग्रुपमधल्या एकाला. तुझी ओळख सांगून त्यानं मागितला, "समजावून सांगतो" म्हणाला. मी म्हटलं, सांग. आणि खोटं कशाला बोलू, त्यानं नुसतं समजावून सांगावं असं मला वाटतच नव्हतं. त्या मुलाला झोंबलं पाहिजे असं वाटत होतं. पुढं तो नंबर इतक्या हातांत जाईल हे मनात आलं नाही.

पण एक सांग. आपण दोघी पहिल्यांदा त्या बेटासमोर गेलो होतो तेव्हाची ती मादी आठव. पोटाची पिसं पाण्यात भिजवून यायची आणि अंडी गार ठेवायची. दिवसभर. तिच्यासाठी कोण बोलणार होतं? तू? तू सगळ्यांना सांभाळून घेतेस. कुणी घरट्यात हात घातला तरी "पुढच्या वेळी काळजी घ्या" आणि हात जोडलेलं चित्र. मी कडू बोलते म्हणून तुझा ग्रुप आजवर गुड मॉर्निंगचा झाला नाही. दहा वर्षं वाईटपणा मी घेतला आणि चांगुलपणा तुला मिळाला. हे कधी बोलले नव्हते. आज बोलते.

आता विनंती. नंबर मी दिला हे ग्रुपवर सांगू नकोस. मी शाळेत शिकवते. पालकांपर्यंत गेलं तर माझी नोकरी राहणार नाही, आणि मेघाच्या मोबाइलवर तिच्या आईबद्दल काय काय येईल ते तुला माहीत आहे. गोकुळच्या वेळी आपण पाहिलंच. तुला माझ्यावर राग काढायचा असेल तर खुशाल काढ. पण लोकांच्या तोंडी देऊ नकोस.

निशा

*

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१९ मे २०२५

प्रिय निशा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वाईटपणा तू घेतलास, हे खरं आहे. मला ते सोयीचं होतं, हेही खरं. त्यावर कधीतरी समोरासमोर बसून बोलू.

आता मी काय केलं ते सांगते. ग्रुप उघडला. गोकुळच्या फोटोबद्दल लिहिलं की ते चुकलंच होतं, मादी परतली नाही. त्याच पोस्टमध्ये लिहिलं की ग्रुपमधल्याच एका व्यक्तीनं त्याचा नंबर बाहेर दिला, तिला काढलंय, आणि सगळ्यांचे नंबर पुसून टाकलेत. तुझं नाव लिहिलं नाही. लोकांनी विचारलं, कोण, कोण. मी कमेंट बंद केल्या. हो, तुला मी काढलं. माफ कर असं म्हणणार नाही.

मग पाचोडला गेले. गोकुळच्या घरी सांगणं भाग होतं, ते त्यांचं होतं. सर्जेराव, गोकुळ, विशाखा, तिघांसमोर सांगितलं की नंबर निशानं दिला, माझ्या मैत्रिणीनं.  गोकुळला कामावर परत घेतलंय, पण काउंटरवर बसवत नाहीत. मी म्हटलं, ग्रुपवर परत ये. तो म्हणाला, "पाखरं बघीन, ताई. पण आता कुणाला दाखवणार नाय."

विशाखा म्हणाली, "मग त्यांचं नाव टाका की गुरूपवर. त्यांनाबी कळू द्या."

मी म्हटलं, नाही टाकणार.

"मग मला त्यांचा नंबर द्या."

मला तो पाठ आहे, निशा. कॉलेजपासून तू तो बदललेला नाहीस. मी म्हटलं, "नाही देऊ शकत."

ती उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, "म्हंजी आमचाच नंबर तेवढा वाटायला व्हता."

मी उठले. चहा समोर होता, तो प्यायचा धीर झाला नाही. सर्जेराव गेटपर्यंत आले, पण पुन्हा या म्हणाले नाहीत.

तुझी नोकरी, तुझं घर, मेघाचा मोबाइल, सगळं जसंच्या तसं राहील. मी तोंड उघडणार नाही. पण त्या घरात मी तुझ्या जागी बसून आले, आणि ती जागा माझी नव्हती. दुपारी जेवायच्या सुट्टीत गोकुळ घरी असतो. फोन केलास तर बहुतेक विशाखाच उचलेल.

तुझा नंबर मी त्यांना दिलेला नाही. त्यांचा तुझ्याकडं आहे.

आमरीन