राणीला हाकलताना झालेला घोटाळा

तळा, चैत्र वद्य पंचमी, शके १८५३

राजमान्य राजश्री दादूजी मेहुणे यांस भागोजीचा दोन्ही हात जोडून, पण जरा लांबूनच, नमस्कार. मुंबईची हवा मानवते का? गिरणीतला खोकला मोडला का? इकडे सर्व कुशल. (सर्व म्हणजे आता. मधले काही दिवस नव्हते.)

तुमची बहीण राही रुसून माहेरी गेल्याचे तुम्हांला कळलेच असेल. कारण कळले नसेल. आमच्या नाटकमंडळीने यंदा जुने रडके नाटक घेतले. त्यात राजा निरपराध राणीला वनात धाडतो. राजा मी. तालमीला समोर राणी हवी, म्हणून भाकऱ्या थापणाऱ्या राहीकडे बोट रोखून मी रोज गरजायचो, "राणी, या क्षणी महालातून चालती हो!" (महाल तुम्ही पाहिलाच आहे, पावसात कुठे गळतो तेही.) प्यायला पाणीसुद्धा राजाच्याच आवाजात मागायचो. एके सकाळी ती हात धुऊन उठली, गाठोडे घेतले आणि खरेच चालती झाली. मला वाटले, काय झकास काम करते! दुपारी चूल थंड दिसली तेव्हा डोक्यात उजेड पडला. माणूस धाडला, तर उलट निरोप आला, "राजाला सांगा, मी वनात सुखी हाय."

नशीब बघा, नाटकाची सुपारी आली ती नेमकी तुमच्या बोर्ली पंचतनची. पडदा वर गेला, तर बायकांत पुढेच राही आणि शेजारी तुमच्या केसरआत्या. राणी झालेला नामा माझ्या पायांशी टाहो फोडत होता. बायांनी रडायला पदर मोकळे केले होते. मी कसाबसा म्हणालो, "राणी, चालती हो!" तोच केसरआत्या उठून ओरडल्या, "अरं मेल्या, कवाच आलीय ती! ही काय, हितं बसलीय!"

सारा मांडव हसून लोटपोट. राहीही हसली. ते हसू बघून माझे उरलेसुरले राजेपण गळाले. मुकुट काढून तिच्याकडे बघत म्हणालो, "चुकलं माझं. चल घरी." नामाला वाटले, त्यालाच म्हणतोय. "आले हो, नाथ!" करून तो गळ्यातच पडला. दुसऱ्याच अंकात राजाराणी नांदू लागली. तिसऱ्या अंकासाठी दाढी लावून बसलेला हरेश्वर ऋषी विंगेतून धावत आला, "मग मी शाप देऊ कुणाला?" त्याचे कुणी ऐकेना. मोकळे केलेले पदर हसून आलेले पाणी पुसायला लागले.

राही दुसऱ्या दिवशी माझ्यासंगे निघाली. वाटेत एवढेच बोलली, "पाणी मागायचं तर माणसावानी मागा." मागतो. कधी कधी स्वतः उठून घेतोही.

आपला,
भागोजी

ता. क. नाटक असेच्या असे करा, म्हणून म्हसळ्याहून बोलावणे आहे. हरेश्वर मात्र दाढी परत करून मोकळा झाला. तुमचा माझ्यावरचा राग अस्सल. तालमीचीही गरज नाही. तेवढे ऋषीचे काम कराल का?

पुन्हा ता. क. राही सांगते, "दादाला लिवा, शाप पोटभर दे. पर जेवायला घरीच ये."