चर्चच्या दारातली रांगोळी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धीर झाला. तू असतीस तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि अर्ध्यातच तू म्हणाली असतीस, "पुरे कर, भाकरी गार व्हायली." तुला जाऊन बावीस वर्षं झाली. आज शनिवार आहे, उद्या ईस्टर. चर्चच्या दारात रांगोळी काढायचं माझ्याकडं आलंय आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझे जावई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी रांगोळी चिमटीत धरलेली नाही. माझं तर तुला माहीतच आहे, मला उभं राहून प्रार्थना करता येत नाही. बाकीच्या बाया डोळे मिटून पाच-पाच मिनिटं बोलतात, आजाऱ्यांची नावं घेतात, परदेशी गेलेल्या नातवांसाठी मागतात. माझी जीभ 'हे प्रभू'वरच अडते. मला जे काही बोलायचं होतं ते मी हातानं बोलले, दारात, जमिनीवर. म्हणजे तीन वर्षं मी त्याच्याशी बोललेलीच नाही.

परतूरच्या आपल्या त्या एका खोलीत चूल आणि रंग एकाच कोपऱ्यात असायचे. पांढरी रांगोळी तेवढी तू बाजारातून आणायचीस, बाकी सगळे रंग घरचे. भट्टीवरच्या फुटक्या विटा वाटून लाल, हळदीचा पिवळा, चुलीतल्या कोळशाचा काळा, लिंबाचा पाला सावलीत वाळवून हिरवा, आणि धुण्याच्या निळीत पांढरी रांगोळी घोळवून आभाळाचा. मी फडक्यातून चाळते आहे, तू पाट्यावर वीट वाटते आहेस, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाट्यावर ठेचा. पाटा कितीही धुतला तरी दाताखाली कचकच यायची आणि बाबा विचारायचे, "हा ठेचा हाय का नाताळ हाय?" शेजारच्या बाया तुला म्हणायच्या, "तुमच्यात तर रांगोळी नसती ना हो?" तू म्हणायचीस, "आमच्यात दार असतं की." चर्चच्या दारात काढताना तू आतून बाहेर, मागं मागं सरकत यायचीस आणि एका कडेला पाऊल मावेल एवढी जागा मोकळी सोडायचीस. "रांगोळी बोलवायला असती, आडवायला न्हाई," हे तू मला किती वेळा सांगितलं असशील.

बाबा गेल्यावर दुसऱ्या वर्षीचा नाताळ. मी तेरा वर्षांची होते. तू रंगांचा डबा माझ्या हातात दिलास. "औंदा तू काढ. माझी कंबर दुखू राह्यली." मी ते खरं मानलं. पहाटेच जाऊन बसले आणि कॅलेंडरवरचा प्रभूचा चेहरा काढायला घेतला. जागा सोडायची मी विसरले नव्हते, मला ती सोडवेना. चेहरा वाढत गेला. केस या चौकटीला टेकले, डोक्यामागचा उजेड त्या चौकटीला. उठून बघितलं तर उंबऱ्यापासून पायरीपर्यंत प्रभूच प्रभू, आणि मला वाटलं, माझ्यासारखी मीच. मग घंटा झाली, मंडळी आली आणि दारात थांबली. प्रभूच्या तोंडावर पाय कोण देणार? चर्चला दुसरं दार नाही. पाळकसाहेब माझ्याही आधी येऊन आत तयारीला लागलेले, तेही दोन पावलं पुढं येऊन थबकले. ते आत, सगळी मंडळी बाहेर, आणि मध्ये माझा प्रभू. मागून एक जण म्हणाला, "खिडकीचे गज काढता का?" एक म्हातारी म्हणाली, "पुसून टाका की." तिला दुसरीनं विचारलं, "प्रभूला झाडूनं लोटायचं व्हय? घे मंग, तूच घे झाडू." झाडू कुणीच घेतला नाही.

तेवढ्यात तू गर्दीतून पुढं आलीस. "देवाच्या दारात देवालाच आडवं घातलंस की गं," मला एवढंच म्हणालीस आणि मंडळीकडं वळलीस. "त्यानं बारा जणांचे पाय धुतले. तुमच्या पायांचं त्याला काय न्हाई. चला, जल्दी." पहिला पाय तू ठेवलास, बरोबर कपाळावर. मग सगळे तुझ्यामागून गेले. उपासनाभर मी मान वर केली नाही. सगळ्या फरशीवर लाल, निळे, पांढरे पाय उमटले होते, आणि लोक गाणी म्हणत त्यांच्यावरच उभे होते.

घरी आल्यावर मी जेवले नाही. "माझा प्रभू तुडवलास तू," म्हटलं. तू भाकरी थापत होतीस, हात थांबला नाही. "तुझा प्रभू असता तर घरात काढायचा. दारात काढला की तो समद्यांचा." भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस आणि म्हणालीस, "चांगला काढल्ता. डोळे माझ्याकडंच बघत होते. पाय उचलाना माझा." त्यावर मी जेवले.

तुझी कंबर दुखत नव्हती हे मला फार पुढं कळलं. आपण ख्रिस्ती असलो तरी सणाच्या दिवशी विधवेनं दारात रांगोळी काढू नये हे बोलणं आपल्यातही तसंच राहिलं होतं. कुणीतरी तुला बोललं असणार आणि तू वाद न घालता डबा माझ्याकडं दिलास. एका दुपारी मी लवकर घरी आले. तू काठवटीपुढं बसली होतीस. ज्वारीचं पीठ सपाट पसरलं होतं आणि त्यात तू बोटानं काही काढत होतीस. एक मेंढरू आणि त्याच्यामागं काठी घेतलेलं कुणीतरी. तुझे ओठ हलत होते. माझी चाहूल लागली तशी तू त्यावर पाणी ओतलंस आणि पीठ मळायला घेतलंस. त्या रात्री तीच भाकरी खाल्ली.

आता चर्चचं ऐक. मी थांबले तेव्हापासून बाया जालन्याहून तयार स्टिकर आणतात. गेल्या नाताळाला एक मोठा चिकटवला आणि नंतर पोरांनी दाखवलं, कडेनं लक्ष्मीची पावलं आहेत. तो हळूच सोडवून समोरच्या किराणावाल्याला दिला. त्याच्या उंबऱ्यावर तो अजून आहे आणि शोभतो. म्हणून नव्या पाळकीणबाई, पोरसवदा आहेत, काल घरी आल्या. "मावशी, या वेळी तुम्हीच काढा," म्हणाल्या. माझी धाकटी जाऊ तिथंच बसली होती. "सणाचं दार हाय ते, बाई. गावात सवाष्णी सरल्या का?" पाळकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मला शास्त्रात कुठं सापडलं नाही तसं. मावशी, तुम्ही एवढं वाचता, तुम्हाला सापडलंय का?" मी पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकलेली बाई, पण तुझे जावई गेल्यावर मी रात्रंदिवस बायबलच वाचलंय. विधवेनं रांगोळी काढू नये असं त्यात नाही. असतं तर बरं झालं असतं, असं मात्र मला त्या वेळी वाटलं. जावेच्या बोलण्याचं मला भय नाही. मी बसले, चिमटी उघडली आणि प्रभूला म्हणायला माझ्यात काहीच उरलेलं नाही असं निघालं तर, हे भय आहे. आणि उरलं असलं तरी ते चांगलं असेल असं नाही. तीन वर्षांचा राग आहे माझा.

वरचं शनिवारी लिहिलं होतं. आज सोमवार. काल उजाडता उजाडता मी गेले, माय. काय काढायचं ते ठरवलं नव्हतं. प्रभू मेलेल्यातून उठला हे खरं वाटेना म्हणून थोमानं बघायला मागितले, ते खिळ्यांच्या घावांचे हात मनात आले. चेहरा नको, नुसते दोन हात, उताणे, पुढं केलेले. डावा सहज उतरला, मधला घाव विटेच्या लालानं. उजवा काढताना माझं ध्यान कुठं होतं कुणास ठाऊक. मनगट जाड झालं, तळवा रुंद झाला आणि अंगठ्याशेजारचं बोट पेरावरच थांबलं. तुझ्या जावयाचं ते बोट लग्नाआधी कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेलं होतं. टेम्पो चालवताना ते अर्धं बोट स्टिअरिंगवर ताल धरायचं, आणि आजारपणात माझं मनगट धरायचं ते सगळ्यात घट्ट. मी बघत बसले. चिमूटभर रांगोळीचं काम होतं, बोट पुरं झालं असतं. मी डब्याला झाकण लावलं.

पहिली आली ती जाऊच. बराच वेळ बघत उभी राहिली. "ताई, बोट अर्धंच राह्यलं की."

"रांगोळी सरली," मी म्हटलं.

डबा तिनं उचलून आत नेऊन ठेवला, तेव्हा तो जड लागलाच असेल. उपासनेत रोजची जागा सोडून माझ्याजवळ येऊन बसली. मला कालही उभं राहून प्रार्थना करता आली नाही, पण या वेळी गरज वाटली नाही.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. पण तुला सांगते. ईस्टरच्या दिवशी, चर्चच्या दारात बसून मी खोटं बोलले, आणि त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. मागावीशी वाटत नाही.