बंद खोलीतली साखर

प्रिय किनासी,

चष्मा इथेच विसरून गेलीस. तिकडे सेमारांगच्या दवाखान्यात डॉक्टरकी शिकताना आतडं कुठलं आणि चपलेचा बंद कुठला, एवढं तरी दिसतं ना? मी सांगते आहे आणि तुझी आई लिहिते आहे. मध्येच तिचा हात थांबतो. मी म्हणते, लिही बाई, तुलाही ऐकायचंच आहे.

तुझ्या परीक्षेआधीच्या त्या गुरुवारी मी दिवसरात्र दार लावून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आईनं माझं बोट टोचलं, तर साखर कधी नव्हे इतकी चढलेली. तिनं घाबरून तुला स्पीकरवर फोन लावला, आणि तू अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "साखर हवेतून येत नाही, आई. आजी दार लावून गूळ खाते. कपाटाला कुलूप लाव." शेजारीण तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं. जन्मभर नारळाचा गूळ उकळून तुम्हाला वाढवलं, आणि त्याच गुळाची मी चोर ठरले. तरी गप्प बसले.

काल डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं, की त्या दिवसरात्रीत पोटात पाण्याचा थेंब नव्हता आणि डोळ्याला डोळाही लागला नव्हता. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, यकृत म्हणजे साखरेचं कोठार. स्वादुपिंडाचे दोन निरोप रक्तातून आधी तिथेच पोचतात; एक म्हणतो कोठार बंद कर, दुसरा म्हणतो उघड. मधुमेही माणूस उपाशी आणि जागा राहिला, की पहिल्याचं कुणी ऐकत नाही. पहाटे आणखी हार्मोनं दुसऱ्याच्या बाजूनं उभी राहतात, आणि यकृत रक्तात साखर ओतत सुटतं. साठा सरला तर नवी घडवतं. "हे पहिल्याच वर्षी शिकवतात," असंही म्हणाल्या. म्हणजे तुला ठाऊक होतं. यकृतानं दगा दिला, त्याचं मला काही नाही. त्याला कुठे मी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

आता तुझा निकाल लागला, म्हणून बोलते. तो गुरुवार आपल्या जुन्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या वागे वाराचा, म्हणजे तुझा जन्मवार. तुझी परीक्षा पार पडावी म्हणून बसले होते. असा उपास निकालाआधी बोलून दाखवला तर फुकट जातो, म्हणून चोर म्हणवून घेतलं. तेव्हा फोन लाव, आणि साखर कुठून आली ते त्याच आवाजात आईला सांग. डॉक्टरीणबाईंनी माझे उपास बंद केलेत. पुढच्या परीक्षेचं तुझं तू बघ. आणि तिकडचा तो काटे मऊ होईतो शिजवलेला बांडेंग मासा पाठव. अख्खा पाठव, अंगणात सगळ्यांच्या देखत बसून खाणार आहे.

तुझीच, अजून तुझीच,
पोनिराह आजी